भंडारदऱ्याला निघण्याआधी विचारा, धरणात पाणी किती आहे?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचं आठ जणांचं कुटुंब. आजी-आजोबा सत्तरीच्या आसपासचे, आजोबांचे गुडघे दुखरे, दोन जोडपी, मुलं नऊ आणि सहा वर्षांची. भंडारदऱ्याला दोन रात्री राहायचं आहे. मे अखेरीस काजवे बघायला जावं की ऑगस्टमध्ये धबधबे बघायला? मुलांना तलावात डुंबू द्यावं का? बोट सुरक्षित असते का? आणि तंबू अगदी पाण्याला लागून लावावा का?

सह्याद्रीतल्या धरणांच्या काठी कुटुंबांना आणि शाळांच्या गटांना नेणं आणि पाण्यातल्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण देणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. हाच प्रश्न मला पवना, मुळशी, पानशेत, कोयना सगळ्यांबद्दल विचारला जातो. लोक विचारतात कुठलं रिसॉर्ट घ्यावं, जेवण कसं असतं, रस्ता कसा आहे. धरणात आज पाणी किती आहे हे मात्र जवळपास कुणीच विचारत नाही. बाकीची सगळी उत्तरं त्या एका आकड्यावर ठरतात, म्हणून सुरुवात तिथून करतो.

भंडारदऱ्याचा तलाव, म्हणजे जुन्या नावाने आर्थर लेक, प्रवरा नदी अडवून झाला. विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. तेव्हाचे मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. भिंत दगडी बांधकामाची, उंची सुमारे २७० फूट, साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. हे पाणी पर्यटकांसाठी अडवलेलं नाही. खाली निळवंडे धरणात, तिथून ओझरच्या बंधाऱ्यावर आणि मग प्रवरेच्या कालव्यांतून ते संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडच्या शेतांना जातं. तिकडचा ऊस, कांदा, गहू, चारा याच पाण्यावर उभा असतो. शेतीचं आवर्तन, म्हणजे सिंचनासाठी ठरावीक दिवस सोडायचं पाणी, सुटलं की तलाव उतरतो आणि वरच्या अंगाच्या घाटघर-रतनवाडीकडे पाऊस कोसळला की चढतो. म्हणजे आपण ज्याला काठ म्हणतो ती जागा दर महिन्याला वेगळी असते. नैसर्गिक तळ्याचा किंवा समुद्रकिनाऱ्याचा अनुभव घेऊन माणूस इथे येतो आणि त्याच हिशेबाने पाण्याजवळ जातो. धरणांवरचे बरेचसे अपघात मला या एका गैरसमजातून झालेले दिसतात.

आकडा मिळणं अवघड नाही. पावसाळ्यात नगर आणि नाशिकच्या वर्तमानपत्रांत भंडारदरा, निळवंडे, मुळा यांचे साठे रोज छापून येतात. ‘भंडारदरा ८२ टक्के, विसर्ग इतके क्युसेक’ अशी ओळ असते. टक्क्यांवरून काठ कसा असेल ते कळतं. विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी सोडतायत तो आकडा, वाचला की धरणाच्या खालच्या बाजूला नदीत उतरायचं की नाही ते कळतं. इतर महिन्यांत जिथे राहणार आहात त्या घरमालकाला फोन करून विचारा, ‘पाणी कुठवर आलंय? आवर्तन चालू आहे का?’ गावातल्या माणसाला हे नेमकं माहीत असतं, कारण त्याची गुरं, त्याची जाळी, त्याची बोट सगळं त्यावर अवलंबून असतं.

आता महिन्याबद्दल. तुम्ही दोनच पर्याय दिलेत, मे अखेर आणि ऑगस्ट. तुमच्या कुटुंबासाठी मी दोन्ही बाजूला ठेवेन आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतचा काळ सुचवेन.

मे अखेरीस तलाव बराच उतरलेला असतो. काजवे बघायला जरूर या, ती रात्र मुलांच्या आयुष्यभर लक्षात राहील. पण तेव्हा ‘तलावाची सहल’ असं मनात धरून येऊ नका. दिवसा उघडा पडलेला मातीचा पट्टा, भेगाळलेला गाळ आणि दूरवर मागे सरकलेलं पाणी दिसेल. ऊनही कडक. ऑगस्टमध्ये तलाव भरलेला असतो. धरण १५ ऑगस्टच्या आसपास भरावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते आणि पाऊस वेळेवर असेल तर ते भरतंही. पण घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी उगाच म्हणत नाहीत. दिवसभर धुकं असतं, पाच फुटांपुढचं दिसत नाही, रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली असते. शनिवार-रविवारी धरणाजवळच्या शेंडी गावाच्या पुढे तासन् तास अडकून पडण्याची तयारी ठेवावी लागते. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला ओल्या शेवाळलेल्या पायऱ्या आणि सहा वर्षांच्या मुलाला वाहत्या ओढ्यांचे काठ, अशा दुहेरी काळजीत तुम्हा चौघांची सुट्टी जाईल. पाऊस बघायचाच असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी या, खोली तलावासमोरची घ्या आणि व्हरांड्यात बसून बघा. आजी-आजोबांनाही ते आवडेल.

ऑक्टोबरच्या मध्यानंतर हवा स्वच्छ होते. पाणी वरपर्यंत असतं, कारण रब्बीची आवर्तनं अजून व्हायची असतात. सुरुवातीला गेलात तर घाटघर आणि रतनगडाच्या उतारांवर सोनकीचा पिवळा रंग अजून टिकून असतो. भाताची कापणी चालू असते, खळ्यावर झोडपणी दिसते. डिसेंबरात रात्री थंडी चांगलीच पडते, पाण्याकाठी तर जास्तच. आजीसाठी जाड पांघरूण घरून आणा, तंबूवाल्यांच्या रजयांवर विसंबू नका.

येण्याचा रस्ता: पुण्याहून नाशिक महामार्गाने संगमनेर, तिथून अकोले, राजूर आणि शेंडी. मुंबईहून कुणी येऊन मिळणार असेल तर घोटीवरून बारीमार्गे. पेट्रोल अकोल्यात किंवा घोटीत भरून घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा, कारण तलावाच्या मागच्या बाजूच्या गावांत मोबाइलची रेंज येते-जाते आणि रेंज गेली की फोनवरून पैसे देणंही थांबतं.

मुलांना पाण्यात सोडण्याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण सर्वात जास्त चूक इथेच होते.

धरणाचा तळ म्हणजे बुडालेलं खोरं. पाण्याखाली शेतांचे बांध आहेत, ताली आहेत, झाडांचे बुंधे आहेत, जुन्या वाटा आणि ओढ्यांची पात्रं आहेत. काठावरून चालत गेलं की दहा-पंधरा पावलं पाणी गुडघ्याएवढंच लागतं. मग पुढचं पाऊल बांधावरून खालच्या खाचरात पडतं, किंवा जुन्या ओढ्याच्या काठावरून थेट पात्रात. मोठ्या माणसाच्या कमरेपासून डोक्यावर पाणी जायला एक पाऊल पुरतं. वरून काहीच दिसत नाही, पावसाळ्यानंतर काही आठवडे पाणी गढूळच असतं. पाणी ओसरताना आणखी एक धोका तयार होतो. वरून सुकलेल्या, भेगा पडलेल्या गाळाखाली चिखल मऊच असतो. पाय मांडीपर्यंत रुततो, माणूस घाबरून जोर लावतो आणि आणखी रुततो. तसं झालंच तर उभं राहून पाय ओढू नका. अंग मागे टाकून बसा किंवा आडवे व्हा, वजन पसरू द्या आणि एकेक पाय सावकाश हलवत सोडवा.

जाळ्यांचंही सांगतो. काठापासून थोड्या अंतरावर रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले तर त्यांच्याखाली मासेमाऱ्यांचं जाळं लावलेलं आहे. नायलॉनच्या बारीक धाग्यात पाय अडकला तर चांगला पोहणाराही सुटत नाही. शिवाय ते जाळं कुणाचं तरी पोट आहे, ते फाडून आपली मजा करणं बरोबर नाही.

धरणाची भिंत, सांडवा, पाणी सोडण्याच्या मोऱ्या यांच्या जवळ पाण्यात उतरायचा प्रश्नच येत नाही. मोरी चालू असेल तर पाण्याखालची ओढ वरून अजिबात जाणवत नाही.

म्हणून तुमच्या नऊ आणि सहा वर्षांच्या मुलांसाठी माझं उत्तर असं आहे. डुंबणं नको. पाण्यात पाय घालून खेळणं चालेल, पण त्याच्या अटी कडक असाव्यात. जागा गावातल्या माणसाने दाखवलेली हवी, जिथे गावची मुलं किंवा गुरं रोज उतरतात. आधी घरातल्या मोठ्या माणसाने लाइफ जॅकेट घालून, हातात काठी घेऊन ती चाचपून बघावी. मुलाच्या गुडघ्यापर्यंतच पाणी. मुलांच्या अंगात जॅकेट, पाय ओले करायचे असले तरी. आणि एक मोठा माणूस हात लांब केला की मूल हाताला लागेल इतक्या अंतरावर, मोबाइल खिशातसुद्धा न ठेवता. ही पाळी अर्ध्या-अर्ध्या तासाने नाव घेऊन बदला: ‘आता तू बघतोयस.’ ‘सगळे आहेत ना लक्ष ठेवायला’ असं जिथे असतं तिथे कुणाचंच लक्ष नसतं. बुडणारं मूल ओरडत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या वर-खाली होतं, हात वर करून हाक मारायला त्याच्याकडे श्वासच नसतो. मिनिटभराच्या आत ते शांतपणे खाली जातं आणि काठावरच्यांना वाटतं खेळतंय.

हवा भरायच्या रिंगा, फुगवलेले बदक-मासे अजिबात आणू नका. वारा काठाकडून पाण्याकडे वाहत असेल तर रिंग बघता बघता आत जाते. मूल तिच्यात असेल तर मुलासकट जाते आणि नसेल तर तिच्यामागे धावणारा बाप जातो.

कुणी अडचणीत आलंच तर वाचवायला उडी मारायची नाही. हे बोलायला सोपं आणि पाळायला फार कठीण आहे, म्हणून घरीच सगळ्यांना सांगून ठेवा. बुडणारा माणूस जो हाताला लागेल त्याला मिठी मारतो. एकाला वाचवायला गेलेले दोघं-तिघं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, त्यामागे हेच असतं. गाडीत पंधरा-वीस मीटर मजबूत दोर आणि पाच लिटरचा झाकणाचा कॅन ठेवा. कॅनमध्ये तळाशी थोडं पाणी घाला म्हणजे फेकताना लांब जातो, बाकीची हवा माणसाला तरंगवते. दोर कॅनच्या मुठीला बांधा आणि काठावर पोटावर झोपून फेका. हे घराच्या गच्चीवर एकदा करून बघा, पहिल्यांदा कॅन भलतीकडेच जातो. दोर नसेल तर साडी, ओढणी, बांबू, काहीही.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढायचा, उलटं धरायचा, गोल फिरवायचा प्रयत्न करू नका. त्यात अमूल्य वेळ जातो आणि पोटातलं पाणी घशात येऊन फुप्फुसात जातं. कडक जमिनीवर उताणं झोपवा, डोकं मागे करून आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध दाब द्या, ३० दाब आणि २ श्वास या क्रमाने, मदत येईपर्यंत. दुसऱ्याने १०८ किंवा ११२ लावायचा. माणूस शुद्धीवर आला, हसला, बोलला तरी खोकला किंवा धाप असेल तर राजूर, अकोले किंवा घोटीच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मुक्कामावर परतू नका.

बोटीचं उत्तर होकारार्थी आहे, अटींसह. पाणी भरपूर असताना बोटीने रतनवाडीच्या दिशेने जाणं हा या तलावाचा सगळ्यात सुंदर अनुभव आहे. डावी-उजवीकडे डोंगररांगा आणि समोर रतनगड, त्याच्या शेजारचा खुट्टा सुळका. पाणी उतरलेलं असेल तर बोट अलीकडेच थांबते आणि पुढे चिखलातून चालावं लागतं, त्यामुळे आजी-आजोबांसाठी ‘बोट कुठे लागते?’ हे निघण्यापूर्वी विचारा. चढता-उतरताना फळी आहे की उडी मारायची आहे तेही.

बोटीत बसण्यापूर्वी मी तीन गोष्टी बघतो. जॅकेट प्रत्येकाला आहे का आणि ते अंगात बसतं का, ही पहिली. पट्टे आवळून जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढा, ते कानापर्यंत सरकलं तर पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा. मोठ्यांचं जॅकेट आवळून मुलाला घालणं म्हणजे न घालण्यासारखंच आहे. मुलांच्या मापाची जॅकेट बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, त्यामुळे दोन विकतच घ्या, पोहण्याच्या तलावावरही उपयोगी पडतील. दुसरी गोष्ट, बोट किती माणसांची आहे आणि किती बसवतायत. तिसरी, वारा. सकाळी तलाव आरशासारखा असतो, दुपारनंतर वारा चढतो, लाटा येतात. म्हणून बोट सकाळी, जेवणाच्या आत. संध्याकाळच्या फोटोसाठी ‘एक शेवटची फेरी’ मारायला नावाडी तयार झाला तरी तुम्ही तयार होऊ नका.

वाऱ्याबद्दल मी इतकं का सांगतो त्याला कारण आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी धरणाच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. एक प्रवासी पोहत काठाला लागला म्हणून बातमी तरी लगेच कळली. ती रोजच्या ये-जा करणाऱ्या लोकांची बोट होती, हौशी पर्यटकांची नव्हती. वळवाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत आणि परतीच्या पावसात, दुपारी ढग गडद होऊ लागले की बोट नको. नावाड्याने ‘आज नको’ म्हटलं तर त्याचे आभार माना, घासाघीस करू नका. असे नावाडी जपले पाहिजेत.

कायक किंवा स्टँड-अप पॅडल देणारे कुणी भेटले तर ते सुरक्षा बोट पाण्यात ठेवतात का तेवढं बघा. नसेल तर काठाला समांतर, पन्नास पावलांच्या आत. ट्यूबवर फळी बांधलेले तराफे मासेमाऱ्यांसाठी ठीक आहेत, त्यांचा तोल पिढ्यान् पिढ्यांचा आहे. आपण त्यावर चढू नये.

तंबू पाण्याला लागून लावावा का? नाही. पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं ती रेघ काठावर स्पष्ट दिसते. तिच्याखाली मोठी झाडं नसतात, नुसती माती, दगड, विरळ गवत. तंबू त्या रेघेच्या वर हवा. पाणी उतरलेलं असताना खालची सपाट जमीन फार मोहात पाडते, जाहिरातींतले फोटोही तिथलेच असतात. काठ मंद उताराचा असेल तर पाण्याची पातळी मीटरभर वाढल्यावर ते आडवं तीस-चाळीस मीटर पुढे सरकू शकतं आणि घाटघरकडे रात्रभर कोसळलं तर झोपेत हे कळणारही नाही. पावसाची शक्यता नसलेल्या डिसेंबरातही मी खाली लावत नाही, कारण वारा तिथे सरळ अंगावर येतो आणि दव इतकं पडतं की सकाळी सगळं ओलं. वळवाच्या दिवसांत तर तो उघडा पट्टा विजेच्या दृष्टीने सर्वात वाईट जागा. गडगडाट ऐकू आला की तंबू सोडून गाडीत किंवा पक्क्या घरात, झाडाखाली नाही.

त्याच पट्ट्याबद्दल अजून एक. पाणी मागे सरकलं की गावकरी तिथे गाळपेर करतात. आपल्याला ती मोकळी जमीन वाटते, तिथे कुणाचं तरी भाजीचं किंवा कडधान्याचं पीक असतं. गाड्या आत घालून चाकांच्या चऱ्या पाडणारे लोक बघितले की मला फार वाईट वाटतं. गाडी रुतली की त्याच शेतकऱ्याला बैल किंवा ट्रॅक्टर घेऊन बोलावतात, हे आणखी वाईट.

या परिसराचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, ते १९८६ साली जाहीर झालं. नाक्यावर वन विभागाची पावती घ्यावी लागते आणि जंगलात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. शेंडी, मुरशेत, पांजरे, मुतखेल, रतनवाडी, साम्रद अशा गावांत स्थानिकांच्या शेतात किंवा घरी सोय होते. तुमच्या कुटुंबासाठी मी पहिली रात्र पक्क्या खोलीत आणि दुसरी रात्र अशा एखाद्या घरच्या अंगणात तंबू लावून, असं सुचवेन. मुलांना तंबू मिळेल, आजी घरात झोपतील आणि रात्री शौचाला जाण्याची चिंता राहणार नाही. ही गावं मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची आहेत. जेवणात नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, गावठी कोंबडी मागा आणि भात इथलाच मागा. अकोले तालुका देशी बियाण्यांसाठी ओळखला जातो. बीजमाता राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० चा पद्मश्री मिळाला, त्या याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. काळभात मिळाला तर सोडू नका. पनीर आणि नूडल्सचा आग्रह धरलात तर घोटीहून आणलेलं तेच मिळेल जे पुण्यात मिळतं.

फिरण्याचा बेत हलका ठेवा. तलावाला वळसा घालणारा रस्ता आहे, शेंडीहून मुरशेत-पांजरेकडून घाटघर, मग साम्रद, रतनवाडी आणि मुतखेलवरून परत. गाडीतूनच होतो आणि आजोबांच्या गुडघ्यांना त्रास नाही. एका दिवसात रमतगमत करा. घाटघरच्या कोकणकड्यावरून खाली शहापूरच्या बाजूचं कोकण दिसतं, तिथे कठड्याच्या आतच राहायचं, मुलांचा हात धरून. तिथला उदंचन वीज प्रकल्प मुलांना नक्की समजावून सांगा. वर एक जलाशय, कड्याखाली चोंढ्याला दुसरा. विजेची मागणी जास्त असताना पाणी खाली सोडून २५० मेगावॅट वीज करतात आणि मागणी कमी झाली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. माझ्यासोबत येणारी मुलं या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर अर्धा तास देऊन बघू नका, दीड तास द्या. दगडातली नक्षी जवळून बघण्यासारखी आहे, शेजारी देवकोष्ठं, म्हणजे मूर्तींसाठीचे कोनाडे, असलेली पुष्करणी आहे. आजीला तिथे बसून राहायलाही आवडेल. पुष्करणीच्या पायऱ्या निसरड्या असतात. रतनगड, कळसूबाईचं १,६४६ मीटरचं शिखर आणि सांदण दरी या तिन्हींपैकी काहीही या सहलीत घालू नका. सांदणमध्ये मोठमोठ्या दगडांवरून उतरावं लागतं आणि पावसात ती दरी ओढाच होते.

अंब्रेला फॉलबद्दल लोकांची निराशा होते, म्हणून आधीच सांगतो. तो धबधबा धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं तरच दिसतो, गोल खडकावरून पाणी पसरून छत्रीसारखा आकार होतो. आवर्तन बंद असेल तर नुसता खडक. रंधा धबधब्याचंही बरंचसं तसंच, पावसाळा सोडला तर वरून पाणी सुटलेलं असेल तरच तो पूर्ण अंगाने वाहतो. त्या घरमालकाला फोन कराल तेव्हा हेही विचारा. आणि पाणी सुटलेलं असताना धरणाच्या खाली प्रवरेच्या पात्रात खडकांवर बसून डबा खाणं टाळा. विसर्ग वाढवला तर पात्रातले दगड काही मिनिटांत पाण्याखाली जातात. भोंगा वाजतो, पण आपल्या गाण्याच्या आवाजात तो ऐकू येत नाही.

गाण्याचा आवाज आणि दारू यावर मी एकच वाक्य लिहितो: पाण्याजवळ दोन्ही नको, आणि जो गट दोन्ही घेऊन शेजारी तंबू लावेल त्याच्यापासून आपला तंबू हलवून दूर न्या.

काजव्यांसाठी पुढे कधी याल तेव्हासाठी थोडं सांगून ठेवतो. हंगाम साधारण मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य, जोराचा पाऊस सुरू होईपर्यंत. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते लुकलुकतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण आहे. आपल्या गाडीचा दिवा, विजेरी, फोनचा फ्लॅश त्यात पडला की ती खूण हरवते आणि पुढच्या वर्षीचे काजवे कमी होतात. अनेक जातींत मादी जमिनीलगत किंवा गवतात असते, म्हणून फोटोसाठी झाडाखाली शिरणारे पाय तिलाच तुडवतात. रस्त्यावरच थांबा, दिवे बंद करा, दहा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. शनिवारी रात्री गाड्यांच्या दिव्यांमुळे काही दिसत नाही, सोमवार ते गुरुवारातली रात्र निवडा.

शेवटी सामानाचं. दोर आणि कॅन वर सांगितलाच. मुलांची दोन जॅकेट, प्रत्येकाला विजेरी, आजोबांसाठी रबरी टोकाची काठी आणि नेहमीची औषधं एका दिवसाची जास्त. पायात सँडल, ज्यांचा पट्टा मागून बांधता येतो, कारण चपला चिखलात राहतात. पाणी उकळलेलं किंवा गाळलेलं घ्या, तलावाचं थेट पिऊ नका. साबण, शाम्पू तलावात नको. कचऱ्याची पिशवी गाडीत परत घेऊन अकोल्यात टाका, गावांत तो उचलायला येणारी गाडी नसते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार ते गुरुवार, मुलांच्या शाळेतून एक-दोन दिवस काढता आले तर, तुमच्यासाठी सर्वांत चांगला. दिवाळीच्या सुट्टीचा आठवडा टाळा, तेव्हा खोल्यांचे भाव आणि गर्दी दोन्ही वाढलेले असतात. तारीख ठरली की बोट कुठे लागते आणि मोऱ्या चालू आहेत का हे निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा विचारून घ्या, आठवडाभरापूर्वीचं उत्तर धरून निघू नका.